शिफ्ट बदलताना राहिलेली नोंद

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. विमान पडलं की आपल्याकडे चर्चा पायलट नाहीतर इंजिनची, हँगरमधल्या कागदांकडे कोणी बघतच नाही. ११ सप्टेंबर १९९१ ला अमेरिकेत टेक्सासमध्ये कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्रेअर १२० विमान ह्यूस्टनला येताना हवेतच तुटलं, विमानातले सगळे १४ जण गेले. आदल्या रात्री शेपटीवरचे डी-आयसिंग बूट, म्हणजे साचलेला बर्फ फोडणारे रबरी पट्टे, बदलायचं काम होतं, डाव्या बाजूचे वरचे स्क्रू काढले पण वर्क कार्डवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, ते लिहिलंच नाही, मग पुढच्या शिफ्टने फक्त उजवी बाजू पूर्ण केली आणि विमान सोडून दिलं. डाव्या बाजूचे ४७ स्क्रू नव्हतेच!

मी याच लाइनमधला, आता रिटायर्ड आहे. उगाच कोणी खोटं लिहीत नाही हो, पहाटेचं फ्लाइट असतं, डोक्यावर टायमिंग असतं, आणि ‘नंतर भरू’ म्हणून कार्ड बाजूला पडतं. म्हणून माझी कळकळीची विनंती, काम हातात देताना दोन्ही शिफ्टची माणसं विमानापाशी उभी राहून, उघडलेला प्रत्येक पॅनल दाखवून कार्डवर सह्या करू देत, आणि त्यासाठी ड्यूटीत वेगळा वेळ मिळायलाच हवा.

– एक निवृत्त टेक्निशियन, नागपूर