मुठेची पूररेषा समजावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर पुण्यात मुठेकाठी रहिवाशांना नकाशे वाचायला शिकवायची तुमच्यावर काही सक्ती नव्हती. तरी वेळ काढलात, म्हणून हे जाहीर आभार.

नकाशावरची निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची, एवढं पाठ असणारे पुष्कळ. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकला धरलेली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ लाख लिटर, हे तुम्ही फळ्यावर मांडलंत आणि विचारलंत, राडारोडा टाकून काठ पुढे सरकवला तर एवढं पाणी जाणार कुठून? २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाचा विसर्ग याहून बराच कमी होता, तरी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं.

काठावरचा रस्ता आधी पुराचा आणि मग फिरायला येणाऱ्यांचा, हे तुमचं म्हणणं काठाच्या आराखड्यात उतरलं आहे. कठडा काढला, कारण पुरात त्याला जलपर्णी आणि चिंध्या अडकतात आणि त्याचाच बांध होतो. बाकं बिनपाठीची, दगडी, पायासकट. दिव्यांच्या वीजतारा जोडणाऱ्या पेट्या निळ्या रेषेच्या वर. काठ खचतो तिथे सिमेंटच्या भिंतीऐवजी दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या, दगड १५ ते २५ सेंटिमीटरचे. जाळीच्या भोकांहून लहान असले तर निसटतात. पेटीमागे गाळणीचं कापड हवंच. ते वाचवायला गेलं की मागची माती पाण्याबरोबर निघून जाते आणि अख्खी पेटी खचते.

सगळ्यात उपयोगी पडलं ते पावसाळी गटाराच्या तोंडावरच्या झडपेचं. नदी चढली की झडप मिटायला हवी, पण बिजागरीत एखादी प्लॅस्टिकची पिशवी अडकली तरी ती अर्धी उघडी राहते आणि नदीचं पाणी उलटं वस्तीत शिरतं. मे महिन्यात बिजागरीला ग्रीस, झडप हाताने उघडून-मिटवून बघणं आणि पावसाळ्यात दर आठवड्याला कचरा काढणं. काम क्षुल्लक, म्हणूनच राहून जातं.

झाडांबद्दल तुम्ही हट्टी आहात, ते बरंच आहे. पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी, वरच्या अंगाला करंज, उंबर. वाळुंजाच्या फांद्या रोवल्या तरी फुटतात, पुरात वाकतात आणि पुन्हा उभ्या राहतात. हिरवळीचे गालिचे मात्र पहिल्याच गाळाखाली मरतात. पायऱ्यांवरचा गाळ ओला असतानाच खरवडायचा, वाळला की कुदळ लागते, ही सूचना सफाईच्या वेळापत्रकात घातली आहे.

सांडपाण्याचे नाले अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवल्याशिवाय इथे कुणी बसणार नाही, हे तुम्ही स्पष्ट बजावलंत. ते काम बाकी आहे आणि महापालिकेकडे पाठपुरावा चालू आहे.

तुमची पाण्याच्या पातळ्यांची वही स्कॅन करून झाली. मूळ प्रत रविवारी घरी आणून देतो.

आपले,
नदीकाठचे रहिवासी