तीनदा ‘ओके’ करून परत दिलेली आणि शेवटी मीच दुरुस्त केलेली ड्रायव्हर सीट : तक्रार

प्रति,
कस्टमर केअर विभाग
(आणि जमलं तर ही सीट ज्यांनी डिझाइन केली त्यांनाही फॉरवर्ड करा)

नमस्कार,

गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि तिन्ही जॉब कार्डांचे फोटो सोबत जोडलेत, त्यामुळे ‘मॅडम, रजिस्टर्ड मोबाइल नंबर सांगा’ इथपासून परत सुरू करू नका प्लीज. तक्रार ड्रायव्हर सीटच्या आवाजाची आहे. आवाज आता बंद झालाय, पण तो तुमच्या वर्कशॉपने नाही, मी बंद केलाय, एका रविवारी सकाळी नऊ ते दुपारी दीड खपून, आणि तक्रार नेमकी त्याचीच आहे.

आधी आवाज कसला ते सांगते, कारण जॉब कार्डावर तक्रारीच्या रकान्यात तुमच्या लोकांनी तिन्ही वेळा फक्त ‘सीट नॉइज’ एवढंच लिहिलंय. क्लच दाबला की कुईं, सोडला की बारीक कर्र, खड्ड्यातून गेलं की कुईंकुईं दोनदा, आणि वळणावर अंग एका बाजूला कललं की परत एकदा. बाहेर उभ्या माणसाला ऐकूही येणार नाही एवढाच, पण बरोबर माझ्या कमरेच्या मागे खाली, आणि रोज येता जाता दीड तास तो ऐकला की माणूस रेडिओ मोठा करतो, मग काच खाली करतो, मग स्वतःशीच बोलायला लागतो. गाडी तेव्हा चौदा महिन्यांची होती, म्हणजे वॉरंटीत.

पहिल्या वेळी ‘ट्रायल घेतली, आवाज आढळला नाही’ असं लिहून गाडी परत. दुसऱ्या वेळी सीटच्या खालच्या रुळांवर कसलातरी पातळ स्प्रे मारून दिला, कार्पेटवर त्याचा डाग पण पाडून दिला, दोन दिवस मलाही वाटलं गेला बाबा एकदाचा आणि तिसऱ्या दिवशी पहिल्याच सिग्नलला ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्या वेळी तुमच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने सांगितलं की हा आवाज नॉर्मल आहे, या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना थोडाफार असतो, आणि वर विचारलं की सर गाडी चालवतात का, त्यांना येतो का आवाज. सर गाडी चालवत नाहीत हो. सरांना लायसन्सच नाहीये. गाडी माझी, हप्ता माझा, कानही माझेच.

आता खरी गोष्ट. तिन्ही वेळा गाडी परत घेतली की मला पहिलं काम काय करावं लागायचं, तर सीट पुढे ओढायची आणि बाजूची लिव्हर चार-पाच वेळा पंप करून वर घ्यायची, कारण तुमची ट्रायल घेणारी मुलं सगळी उंच, ती सीट पार मागे ढकलतात आणि पार खाली घेतात. मी बुटकी आहे, मला बॉनेट दिसायला सीट वर लागते. तिसऱ्या वेळी लिव्हर पंप करता करता माझी ट्यूब पेटली. म्हणलं थांब, खाली बसून बघू, तर गाडी पार्किंगमध्येच उभी, इंजिन बंद, सीट अगदी खाली, मी पुढेमागे जोरात हलले, आवाज नाही. एक पंप, नाही. दोन, नाही. तिसऱ्या पंपाला कुईं आणि चौथ्याला तर अगदी गाणंच. मग उतरून नुसत्या हाताने सीट दाबली तर परत गप्प, म्हणजे वर माणूस बसलेला पाहिजे आणि सीट माझ्या उंचीला पाहिजे, दोन्ही असेल तरच ती बोलते. तुमच्या माणसांनी तीन वेळा दुसऱ्याच सीटची ट्रायल घेतली असं म्हणायला हरकत नाही. ‘आवाज कधी येतो, सीट कुठे असताना येतो’ एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर माझ्या तीन सुट्ट्या वाचल्या असत्या.

एकदा हे कळल्यावर पुढचं फार अवघड नव्हतं. नवऱ्याला मागच्या सीटच्या पायाशी टॉर्च घेऊन बसवलं, मी पुढे बसून हलत राहिले आणि तो एकेका जोडावर बोट ठेवत गेला. आवाज होताना तिथला थरथराट बोटाला कळतो, कानाला फसवणं सोपं असतं कारण पोकळ पत्र्यात आवाज फिरतो आणि भलतीकडून येतोय असं वाटतं. रूळ गप्प, पाठ मागे-पुढे करायचा जोड गप्प, बेल्टचं बक्कल प्लास्टिकला घासतंय का बघितलं तर तेही नाही. सीट उचलणाऱ्या मागच्या दोन पट्ट्या आहेत ना, त्यातल्या दरवाज्याकडच्या पट्टीच्या जोडावर बोट ठेवलं आणि तो म्हणाला, हाच चोर. साहजिक आहे, चढता उतरता सगळं वजन आधी त्याच बाजूवर पडतं. म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, तुम्ही स्प्रे मारला तो रुळांवर, जिथे काही झालंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल मॅडम, सीट स्वतः खोलायची नसते, आत एअरबॅग असते. माहितीये. म्हणूनच आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पंधरा मिनिटं चहा घेतला, आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हातच लावला नाही. तो पिवळा रंगच त्यासाठी असतो, एअरबॅगच्या वायरिंगची खूण म्हणून, आणि तो काढलेला असताना चुकून इग्निशन ऑन केलं तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि मग स्कॅनर लावल्याशिवाय बरेचदा जात नाही. सीट गाडीतून बाहेर काढायची गरजच नव्हती. सीट पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट, मागे सरकवून पुढचे दोन, असे चार बोल्ट काढले आणि वायरींना ताण न देता सीट हळूच मागे कलती केली की खालचं सगळं पोट दिसतं. ज्यांची सीट बटणावर चालते त्यांना मात्र ही सरकवासरकवी बॅटरी काढायच्या आधीच करून ठेवावी लागेल, माझी हाताची आहे म्हणून निभावलं.

आत काय दिसलं ते फोटो क्रमांक चार ते सातमध्ये आहे, जरा झूम करून बघा. डावीकडच्या जोडाला छान पांढरट ग्रीस आहे. उजवीकडच्या जोडात ग्रीसचा टिपूस नाही, बुशच्या, म्हणजे पिनभोवतीच्या कडीच्या, कडेला काळी भुकटी आणि पिनवर चकचकीत घासलेला पट्टा. वरून तुमचा तो स्प्रे पावडरसारख्या धुळीत मिसळून राखाडी चिखल झालेला. आता चौदा महिन्यांत एकाच बाजूचं ग्रीस उडून गेलं असं तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा, मला तरी ते फॅक्टरीत लावायचंच राहिलेलं दिसतंय.

कोरड्या जोडातून आवाज का येतो तेही लिहिते, कारण अ‍ॅडव्हायझरने मला ‘मेटल सेट होतंय’ असं सांगितलं होतं. दोन पृष्ठभाग सलग घसरत नाहीत, चिकटतात, ताण वाढला की सुटतात, परत चिकटतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की कानाला कुईं ऐकू येतं. व्हायोलिनची तार वाजते ती पण याच तत्त्वावर, फक्त तिथे ऐकायला लोक येतात. यात सेट वगैरे काही होत नाही, उलट बुश झिजून जोड ढिला होत जातो.

जुना चिखल आधी कापडाने आणि दाताच्या जुन्या ब्रशने पुसून काढला, मग पांढरं लिथियम ग्रीस कान साफ करायच्या काडीने पिनच्या भोवती भरलं, लिव्हर वीसेक वेळा वर-खाली केली म्हणजे ते आत ओढलं जातं, आणि बाहेर आलेलं पुसून टाकलं, नाहीतर त्यालाच परत धूळ चिकटते. पातळ स्प्रेला माझा विरोध नाही, घरात निळा डबा माझ्याकडेही आहे, पण त्या डब्ल्यूडी-४०चं नावच मुळी पाणी हटवणे, प्रयोग क्रमांक ४०, असं आहे, १९५३ साली गंज टाळण्यासाठी केलेली वस्तू ती. अडकलेला बोल्ट सोडवायला उत्तम, पण वजन पेलणाऱ्या जोडात तसलं पातळ काही टिकत नाही, दाट ग्रीसच लागतं. आणि प्लास्टिकवर प्लास्टिक किंवा रबर घासत असेल तर सिलिकॉन. हे मला कळतं आणि रोज दहा गाड्या बघणाऱ्या वर्कशॉपला कळत नाही हे काय पटत नाही, घाई असणार.

सीट कलती होतीच म्हणून गादीखालच्या तारा पण बघितल्या, त्या स्प्रिंगसारख्या नागमोडी असतात त्या. त्यातल्या एका तारेच्या टोकाचं प्लास्टिकचं टोपण जागेवर नव्हतं, तार सरळ पत्र्याच्या हुकात घासत होती. खड्ड्यातला दुसरा कुईं कदाचित तोच. वायरिंगला गुंडाळतात ती कापडी टेप दोन वेढे देऊन काम भागवलंय. टोपण मात्र तुमच्याकडून हवंय, टेप काही कायमची नाही.

इथपर्यंत मी हसत होते. पण बोल्ट काढताना जे झालं त्याने हसू गेलं. चारपैकी तीन बोल्ट सुटायला लांब पाना लावून अंगाचा जोर द्यावा लागला, आणि मागचा उजवीकडचा नुसत्या मनगटाने फिरला. सीट बेल्टचं बक्कल सीटच्या फ्रेमलाच लावलेलं आहे, म्हणजे धडक बसली की माझा भार बेल्टमधून फ्रेमवर आणि फ्रेममधून याच चार बोल्टांवर येणार. तो फॅक्टरीतून तसाच आला की तुमच्या वर्कशॉपमध्ये कोणी सैल करून आवळायचा विसरला, मला माहीत नाही, तुम्ही शोधा. शनिवारीच हेल्पलाइनला फोन करून या बोल्टांचा टॉर्क, म्हणजे ते किती जोराने आवळायचे तो आकडा, विचारला होता, तर ‘ही माहिती कस्टमरला देता येत नाही’. ओळखीच्या मेकॅनिककडे टॉर्क रेंच होता आणि तुमचंच वर्कशॉप मॅन्युअलही होतं, म्हणून संध्याकाळी हळूहळू त्याच्याकडे नेऊन चारही बोल्ट आकडा बघून आवळून घेतले. ज्याच्याकडे असा माणूस नाही त्याने काय अंदाजपंचे आवळायचे का?

तर मला काय हवंय. आवाज गेलाय, तीन आठवडे झाले, सीट चौथ्या पंपावरच आहे आणि गप्प आहे, त्यामुळे परत ‘गाडी घेऊन या, बघतो’ हे उत्तर नको. पहिल्या जॉब कार्डावरचं ‘आवाज आढळला नाही’ खोडून तिन्ही कार्डांवर खरं कारण लिहून हवंय, उद्या तो बुश ढिला झाला तर वॉरंटीत धरायला. मी सीट कलती केली म्हणून सीटची वॉरंटी गेली असं कोणी म्हणणार नाही, हे ईमेलवर लेखी हवंय. नवा बुश आणि तारेचं टोपण हवंय. सैल बोल्टाचं उत्तर हवंय, आणि तेही कस्टमर केअरच्या ठरलेल्या दिलगिरीच्या ओळींमध्ये नाही तर ज्याला बोल्ट कळतो अशा माणसाकडून. कार्पेटवरचा डाग तुमच्या स्प्रेचा आहे, तो काढून द्या. आणि अ‍ॅडव्हायझरना एवढं सांगा की आवाजाची तक्रार आली की सीटची जागा बदलायची नाही, ट्रायलला गाडीच्या मालकाला चालवायला बसवायचं आणि आपण मागे बसून ऐकायचं.

बुश बसवायला गाडी आणावीच लागेल तेव्हा येईन. सीट कुठे आहे ते रुळावर आणि लिव्हरपाशी पांढऱ्या पेनाने खूण करून ठेवलंय, परत देताना तिथेच पाहिजे.

कळावे,
वर गाडीचा नंबर दिलाय त्या गाडीची मालकीण आणि ड्रायव्हर, दोन्ही मीच