मालिशीआधी विचारपूस हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की पेपराच्या घडीतून रेनकोटच्या जाहिरातींबरोबर आणखी एक पत्रक हमखास पडते. ‘ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी बंद’, ‘मणक्यातला गॅप भरून मिळेल’. एखाद्या हॉलमध्ये शिबिर असते, तपासणी मोफत असते. बाहेर पडणाऱ्याच्या हातात मात्र तेलाच्या बाटल्या आणि ‘सिटिंग’च्या पॅकेजची पावती असते.

मी पालिकेच्या रुग्णालयातून फिजिओथेरपिस्ट म्हणून निवृत्त झाले. हाताने करायच्या उपचारांना माझा विरोध असण्याचे कारणच नाही, पोटच त्यावर भरले. आमच्या चाळीत कुणाची उसण भरली की पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाला शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेत. त्यानेही काहींना बरे वाटे. ठेच लागली की आपला हात आपोआप तिथे जातो आणि चोळतो, तशातलाच हा भाग. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, अशी उपपत्ती मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडली होती. त्यात आखडलेला स्नायू सैल होतो, कुणीतरी आपल्याकडे निवांत लक्ष देते, रात्री झोप लागते. विरार लोकलमध्ये लोंबकळत आलेल्या माणसाला एवढेही पुष्कळ. पण हा आराम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. मालिशीने ‘गॅप’ भरत नाही. आणि पन्नाशी उलटलेल्यांचे एक्स-रे काढले तर काहीही न दुखणाऱ्या कितीतरी जणांच्याही मणक्यांत झीज दिसते, हे पत्रकात कोण छापणार?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणे, मालीश, मणक्यावरचे हस्तोपचार यांना त्यात जागा आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (मणका ताणून धरणे) मात्र सरसकट देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे उलटे चालते. व्यायाम सांगितला की रुग्णाचा चेहरा पडतो. पट्टा दिला की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हात लावण्याआधी कुणी काही विचारत नाही. पोळीभाजी केंद्रात काम करणारी एक तरुण बाई आमच्याकडे आली होती. कित्येक आठवडे कुणाकडून तरी पाठ रगडून घेत होती. मणक्यावरून बोट फिरवत खाली आले, तर एका जागी ती दचकून पुढे सरकली. संध्याकाळी कणकण येते का, विचारले. येत होती. ब्लाउजला आतून दोन टिपा मारून तो तंग केला होता, इतकी ती वाळली होती. मणक्याचा क्षय निघाला. सरकारी केंद्रात त्याची औषधे फुकट मिळतात, पण तिथवर पोचायला तिचे ते आठवडे वाया गेले. मुंबईत क्षय काही दुर्मीळ नव्हे. इथे पाठदुखीवर हात टाकणाऱ्याला ताप आणि उतरलेले वजन विचारायचे सुचलेच पाहिजे. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, तर मालीश नव्हे, त्याच दिवशी रुग्णालय. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये, आत रक्ताची गुठळी असू शकते. आणि केस कापून झाल्यावर मान कडाकड मोडून घेण्याची हौस असणाऱ्यांनी ती सोडावी. अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. क्वचित घडते, पण घडते.

परवडत नाही म्हणून लोक शिबिरांकडे वळतात, हेही खरे. पण केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकापासून फिजिओथेरपी शिकवली जाते, हाजी अलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे, पंचकर्मावर विश्वास असेल तर वरळीला पोदार रुग्णालय आहे. रांग लागते, सुट्टी टाकावी लागते. पालिकेने संध्याकाळचे बाह्यरुग्ण विभाग वाढवले तर यातले निम्मे ग्राहक शिबिरवाल्यांना मिळणार नाहीत.

संधिवात किंवा पक्षाघात बरा करण्याचा दावा करून औषधी तेलाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्ट आणि वैद्य यांना आपापल्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते, ॲक्युपंक्चरसाठीही २०१५चा वेगळा कायदा आहे. पत्रके पेपरविक्रेता घालतो, त्यावर तुमचा इलाज नाही, मान्य. पण छोट्या जाहिरातींचे पान तुमचेच आहे. वेदनामुक्तीची जाहिरात घेताना नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच छापावा.

– एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, लालबाग