कॅम्परव्हॅनच्या मागच्या बॅटरीची नाकारलेली वॉरंटी आणि सदोष वायरिंगबाबत तक्रार

प्रति,
ग्राहकसेवा व्यवस्थापक,
कॅम्परव्हॅन बांधणी विभाग,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक

महोदय,

आमच्या कॅम्परव्हॅनमधल्या मागच्या बॅटरीचा (१२ व्होल्ट, १०० एएच म्हणजे अँपियर-तास क्षमतेची, एजीएम म्हणजे सीलबंद लेड-अ‍ॅसिड प्रकारची) वॉरंटी दावा आपण नाकारलात. त्याची कारणे दोन दिलीत. पहिले, टेस्टरवर बॅटरी चांगली आली. दुसरे, ग्राहकाने ती वारंवार पूर्ण उतरवली. ही दोन कारणे एकमेकांनाच खोडून काढतात. सारखी पूर्ण उतरवून बिघडलेली बॅटरी चांगली कशी येईल? बॅटरी बिघडली आहे, यात शंका नाही. ती आपण केलेल्या वायरिंगमुळे बिघडली आहे आणि ते मोजून दाखवता येते. म्हणूनच नुसती बॅटरी बदलून मिळाली तर आमचे काम होणार नाही. वायरिंग आहे तसेच राहिले तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल.

आधी आपल्या चाचणीबद्दल. आपल्या सेंटरमध्ये हातातला डिजिटल टेस्टर दोन मिनिटे लावला गेला. हा टेस्टर बॅटरीचा अंतर्गत रोध (आत करंटला होणारा अडथळा) पाहून ती इंजिनाला किती जोराचा धक्का देऊ शकेल याचा अंदाज सांगतो. इंजिनच्या बॅटरीसाठी तो ठीक आहे. मागच्या बॅटरीला इंजिन फिरवायचे नसते, तिला रात्रभर चार-पाच अँपियर द्यायचे असतात. तेवढी क्षमता उरली आहे का, हे त्या टेस्टरला कळत नाही. शिवाय गाडी गंगापूर रोडवरून अंबडपर्यंत चालत आली आणि लगेच टेस्टर लागला. चार्जिंग नुकतेच थांबलेले असताना प्लेटवरचा वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. आपल्या स्लिपवरचे १२.७ व्होल्ट त्यातूनच आले.

आम्ही २३० व्होल्टच्या चार्जरवर बॅटरी हिरवा दिवा लागेपर्यंत चार्ज केली, दोन्ही टर्मिनल सोडवली आणि १२ तास तशीच ठेवली. व्होल्टेज आले १२.४८. चांगली एजीएम बॅटरी या स्थितीत १२.८ च्या आसपास असते. एखादा सेल शॉर्ट झाला असता तर आकडा १०.५ च्या जवळ पडला असता. तसे झालेले नाही, म्हणजे सहाही सेल एकत्रच क्षीण झाले आहेत. हिरवा दिवाही दोनेक तासांतच लागला. अर्धी उतरलेली १०० एएच बॅटरी १५ अँपियरच्या चार्जरवर इतक्या लवकर भरत नाही. व्होल्टेज झटकन चढते पण आत काही साठत नाही, ही सल्फेशनची (प्लेटवर लेड सल्फेट साचून कडक होण्याची) ओळखीची खूण आहे.

मग क्षमता मोजली. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. हेडलाइटचा ६० वॅटचा एच-४ बल्ब थेट टर्मिनलला जोडला की साधारण ५ अँपियर वाहतात, आणि १०० एएच हा आकडा याच वेगाला, २० तासांत १०.५ व्होल्टपर्यंत, धरलेला असतो. (बल्ब भाजण्याइतका तापतो, त्यामुळे तो फरशीवर ठेवावा.) चांगल्या बॅटरीवर ही चाचणी केली तर बल्ब २० तास जळायला हवा. क्षमता ८० टक्के उरली असेल तरी १६ तास. आमच्या बॅटरीवर तो सात तासांच्या थोडे पुढे गेला आणि व्होल्टेज १०.५ ला आले. म्हणजे उरली आहे सुमारे ३५ एएच. चाचणी संपताच बॅटरी पुन्हा चार्जवर लावली.

बॅटरी पूर्ण उतरवण्याचा आरोप आम्हाला मान्य नाही. आपल्या पॅनेलमधला कट-ऑफ ११.५ व्होल्टला लोड तोडतो. तो सीलबंद आहे आणि सील शाबूत आहे. मग वापरात ती पूर्ण उतरलीच कशी? सगळे स्विच बंद असताना होणारी गळतीही पाहिली: ४० मिलीअँपियर, म्हणजे दिवसाला जेमतेम १ एएच. हे टाँग टेस्टरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) मोजायचे तर तो डीसीवर चालणारा आणि मिलीअँपियर दाखवणारा लागतो. वायरमनकडचा नेहमीचा टाँग टेस्टर फक्त एसी मोजतो आणि इथे शून्य दाखवतो. 'गळती नाही' किंवा 'करंट येत नाही' असे निष्कर्ष बरेचदा त्यातूनच निघतात, तेव्हा आपल्या तंत्रज्ञाला योग्य मीटर द्यावा.

खरा दोष चार्जिंगमध्ये आहे. इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि त्याच क्षणी मागच्या बॅटरीवर १३.२. करंट होता २० अँपियर. वाटेत ०.९ व्होल्ट हरवतात. ते कुठे हरवतात तेही टप्प्याटप्प्याने मोजले. प्लसच्या बाजूला ०.५ व्होल्ट. आपण सहा मीटर अंतरासाठी ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली आहे, तिच्यातच त्यातला बराचसा भाग जातो आणि बाकीचा रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) व फ्यूज होल्डरमध्ये. मायनसच्या बाजूला ०.४ व्होल्ट, आणि त्यातले ०.३ एकाच बोल्टवर.

तो बोल्ट मागच्या सीटखाली उजव्या कोपऱ्यात आहे. अर्थिंगचे थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बॉडीच्या राखाडी रंगावरच आवळले आहे. खालचा पत्रा घासलेला नाही, दातेरी वॉशर नाही. पत्र्याला धातू टेकतो तो फक्त बोल्टच्या आट्यांतून. कडेने पांढरट-हिरवी पूड धरली आहे आणि थिंबलजवळची टेप काळी पडून आक्रसली आहे. २० अँपियरला ०.३ व्होल्ट म्हणजे त्या एका जागी ६ वॅट उष्णता. आम्ही बोल्टला हात लावलेला नाही. आपल्या माणसाने तो स्वतः पाहावा.

करंट उतरला की ड्रॉपही (वाटेत हरवणारे व्होल्टेज) उतरतो, असे आपला अभियंता म्हणेल. बरोबर आहे. पण ही बीएस-६ गाडी आहे. पुढची बॅटरी भरली की गाडीचा संगणक इंधन वाचवण्यासाठी आल्टरनेटरचे व्होल्टेज खाली आणतो. सपाट रस्त्यावर आम्ही १२.७ पाहिले. आपला व्होल्टेजवर चालणारा रिले १२.८ च्या खाली तुटतो. म्हणजे मागच्या बॅटरीला शेवटचा, सावकाश भरण्याचा टप्पा जेव्हा हवा असतो, नेमके तेव्हाच चार्जिंग बंद पडते. एजीएमला त्या टप्प्यात १४.४ च्या आसपास व्होल्ट काही तास लागतात. ते तिला गाडी चालताना कधीच मिळाले नाहीत. पावसाळ्यात इगतपुरीकडे छतावरच्या सोलरचाही आधार उरत नाही. सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीत लेड सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात आणि मग ते चार्जिंगने विरघळत नाहीत. बॅटरी वापरामुळे नव्हे, उपासमारीने गेली आहे.

आपण पुढील काम करून द्यावे. त्याच क्षमतेची, ताज्या उत्पादनाची एजीएम बॅटरी. रिले काढून त्याजागी २० अँपियरचा डीसी-टू-डीसी चार्जर (आल्टरनेटरचे व्होल्टेज बॅटरीला हवे तेवढे करून देणारा), मागच्या बॅटरीजवळ बसवलेला, एजीएमच्या सेटिंगवर आणि इग्निशनच्या सिग्नलवर चालणारा. त्याला प्लस आणि मायनस दोन्हीसाठी इंजिनच्या बॅटरीपासून थेट १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल. प्लसच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, ४० अँपियरचा फ्यूज. हा फ्यूज टाळू नये: अशी केबल कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला जोडलेली बॅटरी तिच्यात करंट ओतते आणि आग लागू शकते. बॉडीचे अर्थिंग पत्रा उघडा करून पुन्हा आवळावे व वर ग्रीस लावावे. काम झाल्यावर चालू इंजिनावर दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज आमच्यासमोर मोजून लेखी द्यावे.

जुनी बॅटरी आमच्यासमोर ५ अँपियरची चाचणी होईपर्यंत हलवू नये. त्यानंतर ती पावती देऊन न्यावी.

आपण हीच गाडी बांधता आणि हेच वायरिंग इतरांनाही देता. रंगावर आवळलेला तो बोल्ट आणखी किती गाड्यांत असेल, याची आम्हाला खरी काळजी वाटते. तो आपण तपासावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सदोष वस्तू व सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागू.

कळावे,
गाडीचे नोंदणीकृत मालक,
गंगापूर रोड, नाशिक

सोबत: खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, आपल्या टेस्टरची स्लिप, मोजमापांच्या वेळचे मीटरचे फोटो, अर्थिंगच्या बोल्टचा फोटो.