पीएचपी शिकवताना कन्स्ट्रक्टरचाही उपयोग शिकवा

मा. संपादक महोदय,

लातूरच्या मोंढ्यातील अडत दुकानांसाठी मी गेली बारा वर्षे पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हिशेबाच्या प्रणाली लिहितो आणि दरवर्षी आसपासच्या महाविद्यालयांतून आलेली दोन-तीन मुले हाताखाली घेतो. त्यांना लॉगिनचे पान करता येते, टेबले जोडता येतात, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची तत्त्वे तर तोंडपाठ असतात. पण डेटाबेसची जोडणी किंवा एसएमएस पाठवणारी सेवा दहा क्लासना, म्हणजे प्रोग्रॅममधील दहा साच्यांना, लागत असेल, तर ती प्रत्येकाने कुठून मिळवावी, हा प्रश्न त्यांना कुणी घातलेलाच नसतो.

दोन वर्षांपूर्वी ऐन सोयाबीनच्या हंगामात या प्रश्नाने मला स्वतःलाच अडचणीत आणले. हिशेबपट्टी तयार झाली की शेतकऱ्याला एसएमएस जाई आणि एसएमएस पाठवणारा ऑब्जेक्ट (साच्यावरून घडलेली वस्तू) पट्टीच्याच क्लासमध्ये ‘न्यू’ हा आदेश लिहून तयार केलेला होता. हमाली व तोलाईची वजावट बरोबर होते का, हे पाहण्यासाठी एका मुलाने रात्री जुन्या पट्ट्या पुन्हा चालवल्या आणि दीडशेच्या आसपास शेतकऱ्यांच्या मोबाइलवर महिन्यापूर्वीच्या पट्टीचा एसएमएस पुन्हा जाऊन पडला. सकाळी सातला अडतीवर गर्दी. एक आजोबा ‘दुसऱ्या पट्टीचे पैसे कधी?’ म्हणून दुपारपर्यंत हलले नाहीत. चूक त्या मुलाची नव्हती; तो क्लास माझा होता.

उपाय जुनाच आहे. सॉफ्टवेअर रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये एका लेखात त्याला ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ (लागणारी गोष्ट बाहेरून पुरवणे) म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. पट्टीच्या क्लासने एसएमएसचा ऑब्जेक्ट स्वतः घडवू नये. ‘निरोप पाठवणारा कुणी तरी मला द्या’ एवढेच इंटरफेसचे (कोणते काम करता आले पाहिजे एवढेच सांगणाऱ्या कराराचे) नाव घेऊन कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट घडताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, सांगावे. मग प्रत्यक्ष कामात मोबाइल सेवेशी जोडलेला ऑब्जेक्ट द्यावा आणि चाचणीत नुसती नोंद करून गप्प बसणारा. पट्टीच्या क्लासची एक ओळही बदलावी लागत नाही. पीएचपी ८ पासून, म्हणजे २०२० पासून, कन्स्ट्रक्टरच्या कंसातच प्रॉपर्टी (ऑब्जेक्टने जवळ ठेवायची गोष्ट) जाहीर करता येत असल्याने लिहिण्याचा कंटाळा हीही सबब उरलेली नाही.

कोणता ऑब्जेक्ट कुणाला द्यायचा, ही जुळणी फ्रेमवर्कचा (प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्याचा) कंटेनर हा भाग करतो. सिंफनी या फ्रेमवर्कमध्ये एकदा तयार झालेली सेवा मुळातच सर्वांना सामायिक असते, तर लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये ‘बाइंड’ने नोंदवल्यास दर वेळी नवा ऑब्जेक्ट मिळतो आणि ‘सिंगलटन’ने नोंदवल्यास तोच. इथे मुले हमखास एक पळवाट काढतात: अख्खा कंटेनरच क्लासच्या हाती देतात आणि आतून हवे ते मागून घेतात. त्यामुळे क्लासला नेमके काय लागते, ते कन्स्ट्रक्टर वाचून कळेनासे होते. २०१७ मध्ये मान्य झालेल्या पीएसआर-११ या कंटेनरविषयीच्या मानकातही असे करू नये, असेच सांगितले आहे.

सामायिक सेवेने कुणाची माहिती धरून ठेवू नये, हे मात्र वेगळे बजावावे लागते. नेहमीच्या पीएचपीत ब्राउझरकडून आलेली विनंती पूर्ण झाली की सगळे ऑब्जेक्ट मोडीत निघतात, म्हणून ही चूक झाकून जाते. पण लाराव्हेल ऑक्टेनसारख्या व्यवस्थेत एकच प्रक्रिया अनेक विनंत्या हाताळते आणि एका अडत्याचे खाते सेवेत राहून गेले, तर ते पुढच्याच्या पडद्यावर उघडू शकते.

चार पानांच्या संकेतस्थळाला एवढा खटाटोप नको, हे मीही मान्य करतो. तरीही मराठवाड्यातील महाविद्यालयांनी प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न असा ठेवावा, ही विनंती: ईमेल पाठवणारा क्लास द्यावा आणि एकही खरा ईमेल बाहेर न जाता त्याची चाचणी करून दाखवायला सांगावी.

आपला,
एक प्रोग्रॅमर, लातूर