पणजोबा सापडले रे

प्रिय बाळ्या,

फोनवर तुला अर्धवट सांगितलं होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून बसून लिहितोय. लांब होईल, चहा घेऊन वाच.

आमच्या पणजोबांची गोष्ट तुला पाठ आहे. बायकोपोराला टाकून मुंबईला गिरणीत गेले ते परत आलेच नाहीत. आत्या हेच सांगायची, आणि लग्नकार्यात भावकीतलं कोणी ना कोणी त्यावरून टोमणा मारायचंच. तर ते कधी मुंबईला गेलेच नव्हते रे. १९१८ च्या ऑक्टोबरात गावातच वारले.

सुरुवात सातबाऱ्यापासून केली. आताचा ऑनलाइन काढला, त्यावरच्या फेरफार नंबरावरून आधीचा फेरफार (जमिनीवरचं नाव बदललं की होते ती नोंद), त्यावरून त्याच्याही आधीचा, असं मागे मागे गेलो. मग एका ठिकाणी देवनागरी संपली आणि मोडी सुरू झाली. तुला सांगतो, मोडीत आधी सगळ्या ओळीभर एक रेघ मारतात आणि खाली अक्षरं लटकवत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपला तेच पहिले पंधरा दिवस कळत नव्हतं. पुण्यात एका वर्गाला जाऊन शिकलो. आणि वाचता यायला लागलं तर आडनावच नाही, नुसतं अमका बिन तमका! बापाचं नाव माहीत असेल तरच माणूस सापडणार, आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव आमच्या घरात एकालाही माहीत नव्हतं. तिथे दोन महिने अडकून पडलो.

सुटका झाली त्र्यंबकेश्वरला. तिथल्या गुरुजींनी गावाचं नाव विचारलं, मग आडनाव, आणि एक लांबडी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. आजोबा कधीतरी विधीला गेले होते, तेव्हा स्वतःच्या हाताने लिहून आले होते. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, चुलत्यांचं, खाली सही. आजोबांचं अक्षर रे, तेच तिरकं, मला पोस्टकार्डं लिहायचे तसं. मला बोलताच येईना, गुरुजींनी पाणी दिलं.

मग तहसीलची रेकॉर्ड रूम. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, त्यानंतर बरीच जुनी दप्तरं बाहेर निघाली, स्कॅन झाली, पण मला हवा होता तो गाव नमुना १४, कोतवाल बुक म्हणतात ते, जन्म-मृत्यूची नोंद. एका ठिकाणी चार हेलपाटे घालायला लावले, जाऊ दे. शेवटी कपड्यात बांधलेलं गाठोडं समोर आलं. पान उलटलं की कडेचा तुकडा हातात येत होता, श्वास रोखून उलटत होतो.

एरवी आमच्या गावात महिन्याला दोन-तीन मयत. ऑक्टोबर १९१८ ला पानंच्या पानं. तोच तो मोठा इन्फ्लुएंझा, मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसं गेली त्याच्यात, शिवाय त्या वर्षी पाऊसही नव्हता. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, खालपर्यंत. आणि त्यात पणजोबा. बिन पुढे बरोबर तेच नाव, वहीतलं. वय अठ्ठावीस. पाच दिवसांनी त्यांची मुलगी, वय दोन. या मुलीबद्दल आम्हाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, नाव पण लिहिलेलं नाही तिचं.

पण बाळ्या, मी लिहायला बसलो ते खरं पणजीसाठी. नोंदीवरून तारीख मिळाली, म्हणून मग त्यानंतरचे फेरफार परत चाळले. आमच्या भावकीत असं सांगतात की चुलत्याने मोठ्या मनाने अनाथ पोराला जमीन दिली. कागदावर तसं काही नाही. आधी चुलत्याचंच नाव लागलं होतं, ए.कु.मॅ. म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आणि दीड वर्षाने पुढचा फेरफार, त्यात चार वर्षांच्या आजोबांचं नाव, अ.पा.क. आई. अज्ञान पोराची पालनकर्ती. वर्दी, म्हणजे नाव लावा अशी खबर, देणार तीच, खाली निशाणी डावा अंगठा. नवरा गेला, लेक गेली, लिहिता-वाचता येत नाही, आणि ही बाई उठून पोराचं नाव लावून आली. ती जमीन होती म्हणून आजोबा शिकले. आणि आम्ही तिला शंभर वर्षं नवऱ्याने टाकलेली म्हणत आलो. ही गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली असेल ते मला कळत नाही, पण आत्याला मी नक्कल नेऊन दाखवली तेव्हा ती त्या अंगठ्यावर कितीतरी वेळ हात फिरवत बसली होती.

आता तुझ्याकडे काम. पणजीचं माहेर तुमच्या गावचं, हे आत्याला पक्कं आठवतंय. तुमच्याकडचं १८९५ ते १९०० चं कोतवाल बुक आहे का बघ, आणि शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पण, तिच्या भावाचं नाव त्यात लागू शकतं. शाळेतल्या जन्मतारखेवर जाऊ नको, सगळ्यांचा वाढदिवस एक जूनच असतो. मोडी असेल तर फक्त फोटो काढ, सावली पडू देऊ नको, वाचायचं मी बघतो. आणि तुझ्या काकांना आधी विचार, ते नव्वदीला आलेत, कागद थांबेल अजून थोडा.

मी पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीने येतोच. वहिनींना सांग जेवायला काही विशेष नको, पिठलं-भाकरी चालेल.

तुझाच,
दादू