रेकॉर्डर आणि कोठीच्या खोलीतल्या कॅसेट

टोकियो,
८ मार्च २००९

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "येताना तिकडनं तो हार्ड डिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर घेऊन ये, तिथे तर ढिगानं मिळत असतील." खरंच ढिगानं मिळतात. काल मुद्दाम अकिहाबाराला, इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आले. एका दुकानात अख्खी भिंत याच यंत्रांनी भरलेली होती. तरीही मी इथून आणणार नाही. फोनवर आवाज तुटत होता, नीट सांगता आलं नाही, म्हणून कोणतं यंत्र घ्यायचं आणि कोठीतल्या आपल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट त्यावरून डीव्हीडीवर कशा उतरवायच्या, हे सांगायला पत्र लिहायला बसले.

इथलं टीव्हीचं चित्र एनटीएससी पद्धतीचं, ५२५ रेषांचं. आपलं पाल पद्धतीचं, ६२५ रेषांचं. आपल्या व्हीसीआरची, म्हणजे कॅसेट लावायच्या यंत्राची, वायर इथल्या यंत्राला जोडली तर त्याला ते चित्र कळणारच नाही. शिवाय इथली वीज १०० व्होल्टची, म्हणजे शेजारी कायमचा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा. मेनू सगळा जपानीत, तो मला वाचता येतो, पण मी तिथे नसताना तुम्ही काय करणार? माझं विमान सिंगापूरवरून येतं. तिथलं यंत्र पाल आणि २३० व्होल्टवर चालणारं असतं, तोही विचार करून झाला. पण ते बिघडलं तर चिपळूणहून सिंगापूरला कोण पाठवणार? तेव्हा दादाला सांगते, तो पुण्यात पक्क्या बिलावर, गॅरंटी कार्डासकट घेईल. पैसे मी त्याच्याकडे पाठवते, त्यावरून वाद नको.

हार्ड डिस्क १६० जीबीची पुरे. दुकानदार २५० दाखवेल, पण आपल्याला यंत्रात साठा करायचाच नाहीये. एसपी म्हणजे मधल्या दर्जावर १६० जीबीत साधारण ७० तास मावतात. एक्सपी, म्हणजे सगळ्यात चांगला दर्जा, लावला तर त्याच्या निम्मे. एका डीव्हीडीवर एक्सपीत एक तास, एसपीत दोन. त्याखाली एलपीत चार तास मावतात, पण तो आपल्या कॅसेटसाठी कधीच लावू नका. मुळातच चित्र पुसट झालंय, त्यात आणखी पाणी कशाला घालायचं?

यंत्र घेताना दादाने पाहायचं ते एवढंच: पिवळी-पांढरी-लाल वायर जोडायची सॉकेट पुढच्या बाजूला आहेत का, आणि हार्ड डिस्कवरून डीव्हीडीवर जलद कॉपी होते का. व्हीसीआर, डीव्हीडी आणि हार्ड डिस्क असं तिन्ही एकात असलेलं यंत्रही निघालंय, पण ते नको. आपला व्हीसीआर अजून ठणठणीत आहे, आणि एकातलं एक बिघडलं की तिन्ही दुरुस्तीला जातात.

बाबा, "साधा रेकॉर्डर स्वस्तात मिळतो, मग हार्ड डिस्क हवीच कशाला?" असं तुम्ही विचाराल. साध्या रेकॉर्डरमध्ये चित्र थेट डिस्कवर उतरतं, आणि डीव्हीडी-आरवर एकदा लिहिलं की पुसता येत नाही. मधेच लाईट गेली, टेप अडकली, कोणी चुकून स्टॉप दाबलं, की ती डिस्क बहुधा फुकट जाते. हार्ड डिस्कवर मात्र हवं तितक्या वेळा चुकता येतं. अख्खी कॅसेट आधी तिथे उतरवायची, मग सावकाश बसून सुरुवातीच्या मुंग्या, मधला निळा पडदा, काकांचा कॅमेरा चालूच राहून जमीन दिसत राहिली तो भाग, हे सगळं कापायचं आणि राहील तेवढंच डीव्हीडीवर घ्यायचं. जलद कॉपीने तासाभराचं चित्र काही मिनिटांत उतरतं आणि दर्जा जराही घटत नाही. मात्र सेटिंगमध्ये जलद कॉपीसाठी रेकॉर्ड करायचा पर्याय असतो, तो दादाकडून पहिल्याच दिवशी चालू करून घ्या. तो बंद राहिला तर पुन्हा तासाला तास लागतो.

शेवटी डिस्क फायनलाइझ करायची, म्हणजे दुसऱ्या प्लेअरलाही वाचता येईल अशी पक्की करायची. हे विसरलात तर ती आपल्या यंत्रात लागेल, पण आत्याकडच्या प्लेअरमध्ये लागणार नाही, आणि आत्या म्हणेल रिकामीच पाठवली. प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती काढा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या कोऱ्या डिस्कवर. एक घरात, एक दादाकडे. नाव मऊ टोकाच्या मार्करने लिहा, वर कागद चिकटवू नका. हे झाल्यावरच हार्ड डिस्कवरून पुसा. पण पुसा नक्की. हार्ड डिस्क म्हणजे आपली पडवी आहे, कोठी नाही. ती बंद पडली की आतलं सगळंच जातं.

आता लाईटचं. भारनियमनाच्या वेळा तुम्हाला पाठ आहेत, त्यामुळे कॅसेट लावायची ती लाईट आल्या आल्या, जायच्या तोंडावर नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागणारच, हा भाग जलद होत नाही. तरी कम्प्युटरला लावतात तसा, लाईट गेल्यावर थोडा वेळ यंत्र चालू ठेवणारा छोटा यूपीएस घ्या, आणि रेकॉर्डर व व्हीसीआर दोन्ही त्यावर ठेवा. यंत्र बंद करायचं ते रिमोटने, समोरचा दिवा विझला की मगच भिंतीवरचं बटण. लाईट जाऊन आली की आधी घड्याळ बघा. ते चुकलं असेल तर टायमरही चुकणार.

आई, टायमर तुझ्यासाठी. छपरावर डिशची छत्री बसवल्यापासून चॅनल तो सेट-टॉप बॉक्स बदलतो, रेकॉर्डर नाही. म्हणजे तू आरतीला गेलीस आणि मालिका रेकॉर्ड व्हायला हवी असेल तर बॉक्स चालू आणि त्याच चॅनलवर ठेवून जायचा, नाहीतर भलतंच काहीतरी रेकॉर्ड होईल. आणखी एक गोष्ट तुला आवडेल. रेकॉर्डिंग चालू असतानाच तीच मालिका सुरुवातीपासून बघता येते. आठला लागली, तू सव्वाआठला भाकऱ्या उरकून बसलीस, तरी पहिल्या मिनिटापासून. भाकरी तव्यावर टाकून पडद्याकडे धावायला नको. मालिका डीव्हीडीवर घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, बघ आणि पुसून टाक.

कॅसेटचं मात्र मन लावून वाचा, कारण हे सगळं मी त्यासाठीच लिहितेय. २००५ च्या पुरात खालच्या फळीवरच्या गेल्या त्या गेल्या. वरच्या वीस-बावीस उरल्यात, पण त्यांनी आपल्याकडचे इतके पावसाळे काढलेत. आता उन्हाळ्याआधीची हवा कोरडी आहे, लगेच काढा. प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आतली टेप बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही पोचते. त्या पिशवीत घालून वेगळ्या ठेवा, स्वच्छ करून घ्यायचं मी बघते. चांगल्या दिसतील त्यांच्या पाठीवरचं छोटं प्लास्टिकचं टवकं मोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यांच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा, पूर्ण मागे आणा, आणि नंतरच प्ले करा. त्याने चिकटून बसलेली टेप मोकळी होते, अडकत नाही. चित्रात पट्टे हलत असतील तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग थोडं थोडं फिरवा, चित्र बसलं की मगच रेकॉर्डिंग सुरू करा.

काकांनी दुबईहून आणलेल्या कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट मोठ्या कॅसेटसारख्या खोक्यात बसवून लावायच्या असतात. ते खोकं बहुतेक आईच्या शिवणाच्या डब्याशेजारी आहे. त्यात पेन्सिल सेल लागतो. जुना सेल आत राहून गळला असेल तर आधी काढून खोकं नीट पुसा.

हात बसावा म्हणून सुरुवात क्रिकेटच्या कॅसेटपासून करा, बाबा. ती बिघडली तर कोणाचं काही अडत नाही. मग आत्याचं लग्न, मग दादाची मुंज. चार-पाच नीट उतरल्या की तुम्हाला काहीच कठीण वाटणार नाही.

आजीची कॅसेट मात्र लावू नका. ती जात्यावर बसलीये आणि ओवी म्हणता म्हणता मधेच थांबून काकांना "पुरे रे आता" म्हणते, ती. तिचा आवाज आपल्याकडे तेवढाच आहे. गेल्या दिवाळीला लावली तेव्हा त्या जागी टेप कुरकुरली होती, आठवतं ना? मी मेच्या पहिल्या आठवड्यात येतेय. व्हीसीआरचं हेड आधी साफ करून घेऊ, आणि ती आपण तिघं मिळून लावू, एक्सपीवर. तोवर तिला कोठीच्या खोलीतून बाहेर काढा, डांबरगोळ्यांच्या वासातून, आणि माझ्या जुन्या खोलीतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, पुस्तकासारखी उभी ठेवा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाबरोबर पाठवायला सांगते.

तुमची लेक